समुद्रातल्या विहिरीच्या तेलकट चुऱ्यातून तेल परत काढतात का? काढलेलं तेल परत चालतं का?

श्रीवर्धनजवळच्या गावातला, केमिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेला एक मुलगा विचारतो : ‘काका, समुद्रात तेलविहीर खणताना जो तेलकट चुरा निघतो त्यातून तेल खरंच परत काढतात का? ते पुन्हा वापरण्याजोगं असतं, की नियमापुरतं काढून जाळून टाकतात? आमच्या घरच्या दोन होड्या आहेत, म्हणून हे मला नीट समजून घ्यायचंय. प्रोजेक्टला हा विषय घेऊ का?’

हो, काढतात. आणि काळजीपूर्वक काढलं तर ते जाळावं लागत नाही, त्याच रिगवरच्या मडमध्ये, म्हणजे खणताना विहिरीत फिरवायच्या द्रवात, परत जातं. मी न्हाव्याच्या धक्क्यावरून मुंबई हायच्या रिगवर मड इंजिनिअर म्हणून सुरुवात केली. पुढची बरीच वर्षं स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनहून उत्तर समुद्रात याच कामात गेली, त्यामुळे बहुतेक उदाहरणं तिकडची देतो. तेल परत काढण्याची ही पद्धत खऱ्या अर्थाने तिथेच रुळली.

आधी एक गैरसमज दूर करू. चुऱ्याला चिकटलेलं तेल म्हणजे जमिनीखालचं कच्चं तेल, असं बहुतेकांना वाटतं. ते आपणच ओतलेलं असतं. ड्रिलिंग मड हा विहिरीत सतत फिरणारा घट्ट द्रव आहे. तो बिट, म्हणजे खडक फोडणारं टोक, थंड ठेवतो, चुरा वर आणतो, खालचा दाब रोखून धरतो आणि भोकाची भिंत सांभाळतो. पाण्यावर केलेला मड स्वस्त आणि समुद्राला कमी त्रासाचा असतो, पण काही शेल खडक असे की पाणी लागलं की फुगतात, चिकट होतात, ढासळतात. तिथे तेलावरचा मड लागतो. त्यात बेस ऑइल हा मुख्य द्रव असतो आणि कॅल्शियम क्लोराइडच्या खारट पाण्याचे बारीक थेंब त्यात इमल्सिफायरने बांधून ठेवलेले असतात. तेल ८० भाग आणि पाणी २० भाग हे नेहमीचं प्रमाण. वजनासाठी बराइट हे जड खनिज, शिवाय चुना आणि तेलात फुलणारी क्ले. हल्लीचं बेस ऑइल म्हणजे बारकाईने शुद्ध केलेलं, ॲरोमॅटिक घटक जवळजवळ काढून टाकलेलं, पाण्यासारखं स्वच्छ आणि महाग तेल. चुऱ्याबरोबर गेलेला त्याचा प्रत्येक लिटर नव्याने विकत घ्यावा लागतो.

किती जातं, त्याचा ढोबळ हिशेब कर. सव्वाबारा इंची भोक १,००० मीटर खणलं तर त्याचं आकारमान सुमारे ७६ घनमीटर होतं. भिंत थोडी ढासळतेच, ती धरून सुमारे २०० टन खडक वर येतो. शेकरवरून, म्हणजे मडमधून चुरा वेगळा करणाऱ्या हलत्या चाळणीवरून, पडणारा ओला चुरा वजनाने साधारण १५ टक्के तेल, १५ टक्के पाणी आणि ७० टक्के घन पदार्थ असा धर. म्हणजे सुमारे २८५ टन ओला चुरा आणि त्यात ४३ टन तेल, आकारमानाने ५० घनमीटरहून जास्त. एवढ्या तेलातून ८० घनमीटरच्या आसपास नवा मड बनतो. म्हणजे जेवढं भोक खणलं, जवळपास तेवढंच भरायला पुरेल इतकं तेल चुऱ्याला चिकटून निघून जातं.

पूर्वी हा सगळा चुरा सरळ समुद्रात टाकत. सत्तर-ऐंशीच्या दशकांत तर मड डिझेलवर केलेला असे. उत्तर समुद्रातल्या जुन्या प्लॅटफॉर्मखाली त्या चुऱ्याचे ढीग आजही आहेत, आणि त्यातून वर्षाला १० टनांपेक्षा जास्त तेल झिरपतं का, हे तपासण्याचा निकष ओस्पार या तिथल्या देशांच्या सागरी कराराने २००६ साली घातला. त्याआधीच, १९९२ च्या निर्णयाने, चुऱ्यावर एक टक्क्याहून जास्त तेल असेल तर तो समुद्रात टाकता येणार नाही असं ठरलं होतं. नॉर्वेने १९९३ पासून अंमल सुरू केला, बाकीच्यांना थोडी सवलत मिळाली आणि २००० साली नियम आणखी पक्का झाला. एक टक्का ही मर्यादा महत्त्वाची आहे, कारण चाळून, पिळून, गरगर फिरवून तिथपर्यंत पोहोचता येत नाही. अमेरिकेने २००१ मध्ये मेक्सिकोच्या आखातासाठी वेगळी वाट घेतली : तेल सिंथेटिक आणि लवकर कुजणारं असेल तर ओल्या चुऱ्यावर ६.९ टक्क्यांपर्यंत चालेल. म्हणून तिकडे चुरा गरगर फिरवून तेल काढणारे सेंट्रिफ्यूगल ड्रायर रुजले आणि उत्तर समुद्रात उष्णतेवर चालणाऱ्या गिरण्या. आकडा बदलला की सगळी यंत्रणाच बदलते, हे मी दोन्हीकडची कामं पाहून सांगतो.

आता प्रत्यक्ष तेल काढण्याकडे येऊ. पहिली आणि सर्वांत स्वस्त वसुली शेल शेकरवर होते. जाळी बारीक आणि अखंड असेल, शेकरचा उतार बरोबर असेल, मड गरम आणि पातळ असेल तर चुऱ्याबरोबर जाणारं तेल तिथेच कमी होतं. फाटलेली जाळी कुणाच्या लक्षात न येता एक पाळी चालली, तर पुढच्या कुठल्याही यंत्राने ते नुकसान पूर्ण भरून निघत नाही. कारण बारीक झालेला खडक मडमध्येच फिरत राहतो, आणखी बारीक होतो, आणि कण जितका बारीक तितकं त्याच्या पृष्ठभागावर तेल जास्त चिकटतं. शेकरनंतर उभा ड्रायर बसवता येतो. तो वॉशिंग मशीनच्या स्पिनसारखा चुरा फिरवतो आणि तेल पाच टक्क्यांच्या आसपास आणतो. त्यातून निघालेला द्रव म्हणजे अख्खा मडच, पण बारीक गाळाने भरलेला. तो डिकँटर सेंट्रिफ्यूजमधून, म्हणजे फिरवून बारीक गाळ वेगळा करणाऱ्या यंत्रातून, काढल्याशिवाय टाकीत सोडू नये. ड्रायरने मड ‘वाचवला’ म्हणून खूश झालेले आणि आठवड्याने मड जड झाला म्हणून नवं बेस ऑइल ओतत बसलेले लोक मी पाहिले आहेत.

एक टक्क्याच्या खाली जायचं तर चुरा तापवून तेलाची वाफ करावी लागते. इथेच खरं कौशल्य आहे.

बाहेरून ज्योत लावलेल्या फिरत्या ड्रममध्ये चुरा तापवण्याची पद्धत जुनी आहे आणि जमिनीवर अजून चालते. तिचा दोष असा की उष्णता भिंतीतून आत यायची असते, म्हणून भिंत चुऱ्यापेक्षा कितीतरी तापलेली ठेवावी लागते. त्या भिंतीला टेकलेलं तेल तुटतं : लांब साखळीचे रेणू फुटतात, हलके ज्वालाग्राही घटक तयार होतात, रंग काळपट होतो, वास उग्र येतो. असं तेल भट्टीत जाळायला ठीक, पण मडमध्ये मी घेणार नाही.

घर्षणाच्या गिरणीचं तत्त्व वेगळं आहे. पिठाच्या गिरणीतून आलेलं ताजं पीठ हाताला गरम लागतं, ते आठव. तिथे विस्तव नसतो, दाणा भरडतानाच तापतो. नॉर्वेतल्या बर्गनच्या थर्मटेक कंपनीचं थर्मोमेकॅनिकल यंत्र आणि त्या जातीच्या इतर हॅमर मिल याच तत्त्वावर चालतात. जाड पोलादी ड्रममध्ये वेगाने फिरणारा रोटर असतो, त्याच्या दांड्या चुऱ्याला भिंतीवर थर करून घासत नेतात. चुरा स्वतःच तापतो. सगळ्यात गरम जागा म्हणजे चुराच, भिंत नव्हे. २५० ते २८० अंशांवर काम भागतं आणि तेलाला तुटण्याइतकं तापमान कुठे मिळतच नाही. त्यात पाण्याची एक मदत होते. पाण्याची वाफ भोवती असली की तेल आपल्या नेहमीच्या उत्कलनबिंदूच्या बऱ्याच खाली उडून जातं. वर्गात स्टीम डिस्टिलेशन शिकला असशील, ते इथे आपोआप घडतं. शिवाय त्याच वाफेने ड्रममधला ऑक्सिजन बाहेर ढकलला जातो, आणि तापलेल्या तेलाच्या वाफेजवळ ऑक्सिजन नसणं हा सुरक्षेचा पाया आहे. यंत्र सुरू करताना आणि थांबवताना ही वाफ कमी असते. तिथे घाई करायची नाही.

तापमान सांभाळतात ते चुऱ्याच्या पुरवठ्याने. रोटर एकाच वेगाने फिरत असतो. तापमान वाढलं की पंप जास्त चुरा ढकलतो, उतरलं की हात आखडतो. बाहेर पडलेली वाफ सायक्लोनमधून जाते, तिथे गरम धूळ अडते. पुढे तेलाच्याच फवाऱ्याने उरलेली धूळ धुतली जाते. वाफ थंड करून द्रव करणारा पहिला कंडेन्सर मुद्दाम शंभर अंशांच्या वर ठेवतात, म्हणजे तेल द्रव होतं आणि पाणी वाफच राहतं. दुसऱ्यात पाणी आणि थोडं हलकं तेल उतरतं, ते विलगकात वेगळं करतात. खालून कोरडी, राखाडी, पिठासारखी भुकटी पडते. सगळं नीट चाललेलं असताना तिच्यावर एक टक्क्याच्या कितीतरी खाली तेल उरतं.

खर्चाचा हिशेब मात्र तेलाकडे नव्हे, पाण्याकडे बघून कर. १५-१५-७० च्या एक टन चुऱ्याला २६० अंशांपर्यंत न्यायला सुमारे ७०० मेगाज्यूल लागतात, म्हणजे जवळपास १९५ युनिट वीज. त्यातले ४३५ मेगाज्यूल एकटं पाणी खातं. खडकाला १५० आणि तेलाला साधारण ११५ पुरतात. वजन सारखंच, पण पाण्याला तेलाच्या जवळजवळ चौपट उष्णता. हे मला एका रिगवर अंगावर येऊन कळलं. रात्रपाळीत गिरणी ताशी चार टनांवरून तीनच्याही खाली आली. रोटर तपासला, पंप तपासला, काही सापडेना. शेवटी शेकरवर गेलो तर तिथला मुलगा चुरा सरकत नाही म्हणून पाण्याची नळी लावून बसला होता. ओलावा १५ वरून २५ टक्क्यांवर गेला होता. त्याची चूक नव्हती, ती नळी तिथे का लावायची नाही हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून नव्या रिगवर गेलो की शेकरवरच्या माणसांशी बसून चहा घ्यायचा आणि हे आकडे कागदावर काढून दाखवायचे, हे माझं पहिलं काम झालं.

मग डिझेल जाळून तेल मिळवणं परवडतं का? टनाला वाया जाणारी उष्णता धरून ६०-७० लिटर डिझेल जाळावं लागतं आणि सुमारे १८५ लिटर बेस ऑइल हाती येतं. म्हणजे हिशेब फायद्यात राहतो. ड्रायरमधून आलेला, पाच टक्के तेलाचा चुरा असेल तर टनाला ६० लिटरच मिळतात आणि फायदा आटत जातो. तिथे यंत्र चालतं ते नियमासाठी आणि समुद्रासाठी, आणि तसं स्पष्ट म्हणायला हवं. फक्त ‘तेल मिळतं’ एवढ्यावर प्रकल्प उभा करू नकोस.

हे सगळं रिगवरच का करायचं? दुसरी वाट म्हणजे चुरा स्किपमध्ये, म्हणजे मोठ्या लोखंडी पेट्यांत, भरून बोटीने किनाऱ्यावर नेणं. वरचे २८५ टन चार-चार टनांच्या स्किपमध्ये भरले तर ७० हून जास्त स्किप होतात. प्रत्येक स्किप रिकामी बोटीवरून वर, भरण्याच्या जागी, भरून डेकवर, पुन्हा बोटीवर, मग धक्क्यावर अशी किमान पाच वेळा क्रेनला लटकते. विहिरीच्या एका सेक्शनसाठी, म्हणजे एका टप्प्यासाठी, साडेतीनशे उचली, त्याही ओल्या डेकवर आणि हिवाळ्याच्या वाऱ्यात. क्रेनखाली काम केलेल्या माणसाला हा आकडा भीतिदायक वाटतो, मलाही वाटतो. समुद्र खवळला की बोट येत नाही, स्किप भरलेल्या राहतात आणि ड्रिलिंग थांबतं. आपल्याकडे मुंबई हायला पावसाळ्यात हीच परिस्थिती. गिरणी रिगवर असेल तर यातल्या बहुतेक उचली टळतात. पण तिला जागा लागते, मेगावॅटच्या घरातली शक्ती लागते आणि ती बंद पडली तर पर्याय हाताशी ठेवावा लागतो. जुन्या छोट्या जॅकअपवर, म्हणजे समुद्रतळावर पाय टेकून उभ्या राहणाऱ्या रिगवर, हे बसत नाही. तिथे किनाऱ्यावरची यंत्रणाच बरी.

चुरा दळून, पाण्यात कालवून खोल खडकात सोडण्याचाही मार्ग आहे. त्यात तेल कायमचं गमावलं जातं. नॉर्वेच्या क्षेत्रात अशा काही विहिरींतून सोडलेला माल समुद्रतळावर वर आल्याचं आढळलं. तिथला खडक पूर्ण ओळखीचा असेल तरच तो मार्ग.

आता तुझा मुख्य प्रश्न : परत मिळालेलं तेल चालतं का? चालतं, पण तपासून. नव्या तेलाशेजारी ठेवलं तर ते जरा पिवळसर दिसतं आणि इमल्सिफायरच्या अवशेषांमुळे त्याला वास असतो. रंगावरून निकाल देऊ नकोस. मी प्रत्येक टाकीचा नमुना घेऊन घनता, स्निग्धता आणि फ्लॅश पॉइंट (तेलाची वाफ पेट घेऊ शकते ते तापमान) बघतो. फ्लॅश पॉइंट नव्या तेलापेक्षा खाली गेला असेल तर कुठेतरी तेल तुटलंय किंवा बाहेरचं हलकं काहीतरी मिसळलंय. त्यानंतर ॲनिलिन पॉइंट. तो उतरला म्हणजे ॲरोमॅटिक घटक वाढले, आणि असं तेल रबराला फुगवतं. विहीर उसळली तर ती बंद करणारा, तिच्या तोंडावरचा ब्लोआउट प्रिव्हेंटर रबरी पॅकिंगवर बंद होतो, त्यामुळे ही चाचणी मी कधीही गाळत नाही. आणि शेवटी थोडा मड बनवून बघतो : अर्धं परत मिळालेलं आणि अर्धं नवं तेल घालून इमल्शनची विद्युत स्थिरता आणि गाळणीतून किती द्रव सुटतो ते मोजायचं.

हे शिकायला एक फटका बसला. एका विहिरीत तेलाच्या थरातून खणत असताना निघालेल्या चुऱ्याचं तेल आम्ही आधीच्या सेक्शनच्या तेलात मिसळलं. त्या चुऱ्यात खालचं कच्चं तेल आलं होतं. टाकीभर चांगलं तेल वाया गेलं. मिसळण्याआधी नमुना घ्यायला हवा होता आणि त्या पाळीला तो मी घेतला नाही. आता तेलाच्या थराला बिट लागलं की वसुलीची टाकी बदलायची, हे कामाच्या आराखड्यात लिहूनच ठेवतो.

तुझ्या घरच्या होड्यांच्या दृष्टीने भुकटीबद्दल सांगायला हवं. तेल निघालं म्हणजे भुकटी निरुपद्रवी झाली असं नाही. तिच्यात बराइट असतं आणि बराइटबरोबर आलेले धातू असतात, कॅल्शियम क्लोराइडचं मीठ असतं, आणि ती इतकी बारीक असते की पाण्यात बराच वेळ तरंगत राहते. म्हणून बराइट विकत घेतानाच पारा आणि कॅडमियम तपासायचं. आपल्या केंद्र सरकारच्या २००५ च्या अधिसूचनेत पाऱ्याला किलोला १ मिलिग्रॅम आणि कॅडमियमला ३ मिलिग्रॅमची मर्यादा आहे. त्याच अधिसूचनेने डिझेलच्या मडला मनाई केली, आणि तेलाच्या मडमधून निघालेल्या चुऱ्यावर किलोला १० ग्रॅमपेक्षा कमी तेल असावं असं म्हटलं, म्हणजे तोच एक टक्का. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत पाण्याच्या मडचा सोडून बाकी सगळा ड्रिलिंगचा चुरा घातक यादीत आहे. आपल्या समुद्रात बरंच काम पाण्याच्या मडवर चालतं, त्यामुळे उत्तर समुद्राएवढा हा प्रश्न इथे मोठा नाही. पण जिथे सिंथेटिक किंवा तेलाचा मड वापरला जाईल तिथे चुऱ्याचं काय केलं, हे विचारण्याचा हक्क किनाऱ्यावरच्या माणसाला आहे, आणि उत्तर टनांत आणि टक्क्यांत मिळायला हवं.

प्रोजेक्टला विषय जरूर घे, पण गिरणी बांधायला जाऊ नकोस. मड इंजिनिअरचा ५० मिलीचा रिटॉर्ट कॉलेजला मिळतो का बघ. त्यात चुरा सुमारे ५०० अंशांवर तापवून तेल आणि पाणी मोजतात. मोजणीसाठी तो उत्तम, पण त्यातलं तेल बहुधा काळपट उतरतं, कारण तिथे ते तुटतं. तोच चुरा दुसऱ्या भांड्यात वाफ सोडत २६० अंशांच्या आत ऊर्ध्वपातित कर. एकाच चुऱ्याची दोन तेलं होतील. दोन्हींचा फ्लॅश पॉइंट, ॲनिलिन पॉइंट आणि घनता शेजारी मांड. मग ओलावा १०, १५, २० आणि २५ टक्के करून लागणारी उष्णता मोज. कृत्रिम चुरा बनवताना नुसती वाळू घेऊ नकोस. वाळू तेल सहज सोडते आणि आकडे खोटे चांगले येतात. निम्मी तरी शेलची किंवा चिकणमातीची भुकटी घाल, थोडं बराइट घाल, आणि तेल रात्रभर मुरू दे.